मांडवातलं भोक

न्हाव्यानं उजवा गाल उरकला, वस्तरा पुसायला तो वळला, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरच्या माणसानं वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी उघडली. समोरच्या आरशात महिपतीला आपणच बनवलेल्या एका फ्लेक्सचा फोटो दिसला. आरशात म्हणजे उलटा. पण उलटी अक्षरं वाचायला त्याला वेळ लागत नसे, दुकानांच्या काचा आतल्या बाजूनं रंगवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. ‘हार्दिक स्वागत’ असं तिथं होतं, आणि त्यातला ‘स्व’ त्यानं हातानं काढून मग कॉम्प्युटरवर चढवलेला होता, कारण तयार फॉन्टमधला ‘स्व’ त्याला कधी पटला नव्हता. खाली हात जोडलेले एक साहेब होते. साहेबांच्या हनुवटीपासून कानापर्यंत काळी बुरशी चढली होती, एक डोळा उन्हानं पुसून पांढरा झाला होता, आणि तरी ते हसत होते. कुठल्यातरी दुर्दशेची बातमी असेल असं त्याला आधी वाटलं. मग त्याला फोटोखालचं कलाकाराचं नाव दिसलं. श्रुतिका हाटे. डाव्या गालावरचा साबण वाळून कातडी ओढायला लागला. ‘सर, मान सरळ,’ न्हावी म्हणाला. महिपतीनं मान सरळ केली, आणि वस्तरा गळ्यावरून वर येत असताना तो त्या उलट्या मजकुरातून शब्द वेचत राहिला. बदलती सत्ता. बदलतं हवामान, पूर, दरडी. एकाच कापडावर उमटलेला काळ. कोकणातल्या दुर्गम खेड्यातून आलेली तरुण चित्रकर्ती. दुर्गम! तिच्या गावाला, कापड्याला, एसटी जाते, हे त्याच्या अगदी ओठावर आलं होतं, पण तोंड हलवायची सोय नव्हती.

उठल्यावर त्यानं ते पान मागून घेतलं. ‘घ्या की सर,’ तो माणूस म्हणाला, ‘पोलादपूरकडची आहे म्हणे मुलगी. ओळखता का?’ ‘विद्यार्थिनी माझी,’ महिपती म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला स्वतःच्या आवाजात अभिमान ऐकू आला, आणि त्या अभिमानाच्या खाली, भातात खडा लागावा तसं, दुसरंच काहीतरी. महाडच्या बाजारपेठेतून आपल्या फ्लेक्सच्या दुकानाकडे चालताना ते दुसरं वाढत गेलं. वाटेत त्याचेच फ्लेक्स होते. स्वागताचे, अभिनंदनाचे, श्रद्धांजलीचे. रोज तो त्यांच्याखालून जाई आणि वर बघत नसे, स्वयंपाकी जसा स्वतःच्या हातचं जेवायला बसत नाही तसा. आज त्याला प्रत्येक चेहरा वरून आपल्याकडे बघतोय असं वाटलं. यातला कुठला श्रुतिका उद्या प्रदर्शनाला उचलून नेईल?

पोलादपूरला शाळेच्या एका रिकाम्या वर्गात तो रविवारी चित्रकलेचा क्लास घ्यायचा तेव्हाची ती. कापड्याच्या बौद्धवाडीतून एसटीनं यायची, दोन वेण्या, दप्तरात पट्टी नसायची. एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी स्थिरचित्र म्हणून तो तांब्या, वांगं आणि घडी घातलेला टॉवेल मांडायचा. बाकीच्यांचा तांब्या तांब्यासारखा यायचा. हिचा कायम पडता. कागदावर तो तांब्या असा कलंडलेला असायचा, की आता वांग्यावर आदळणार. महिपतीनं तिच्या कागदाच्या कोपऱ्यात स्वच्छ रेषेत, एका दमात, तांब्या काढून दाखवला होता. असा. तिनं मान हलवली. फेरी मारून तो परत आला तेव्हा तिनं त्याचा तांब्या खोडरबरानं नीट पुसून टाकला होता, आणि आपला पडता तसाच ठेवला होता. ‘तो पडतोय ना,’ तो म्हणाला होता. ‘हो सर,’ ती म्हणाली होती, जणू तो तिला शाबासकी देत होता. परीक्षेत तिला सी ग्रेड मिळाली. त्याच्या क्लासमध्ये ए मिळवलेली मुलं आज कुठं होती? एक बँकेत, एक वीर स्टेशनवर रिक्षा लावायचा, एकीचं लग्न होऊन ती बोरिवलीला. आणि सी ग्रेडवाली बडोद्याला शिकली, आणि आता तिच्या पडत्या तांब्याला अर्धं पान मिळालं होतं.

पूर तिचा नव्हता, हे खरं त्याच्या छातीत बसलं होतं. एकवीस सालच्या जुलैत सावित्री नदी गावात शिरली तेव्हा महिपती दुकानाच्या पोटमाळ्यावर होता. खालून कॉम्प्युटर बुडाल्याचा आवाज आला नाही, काहीच आवाज आला नाही, फक्त अंधारात रंगाचे डबे तरंगत येऊन भिंतीला हळू ठोकत होते, कुणी आत यायची परवानगी मागावी तसे. मग पाणी पोटमाळ्याला लागलं आणि तिथं त्यानं सुतळीनं बांधून ठेवलेली, कॉलेजपासूनची सगळी चित्रं एकेक करून फुगली. ओसरल्यावर त्यानं आणि त्याच्या बायकोनं, वैशालीनं, फावड्यानं चिखल उपसला. त्या चिखलाचा वास अजूनही पावसाळ्यात त्याच्या घशाशी यायचा. आणि ही तेव्हा बडोद्यात होती. रस्ते उघडल्यावर बिस्किटांच्या आणि ब्लँकेटांच्या ट्रकमधून आली, पायात गमबूट, कापड्याच्या वर डोंगर खाली आला होता त्या वाडीवर गेली, पंधरवडाभर राहिली आणि परत गेली. तिच्या आजोबांचं शेत त्या दरडीखाली गेलं होतं हे महिपतीला ठाऊक होतं. पण जळणारं मन सोयीचं तेवढंच आठवतं. पुढच्या वर्षी त्यानं मोठं तैलचित्र केलं होतं. छपरावर आई, कडेवर मूल, सभोवती तांबडं पाणी, आईचा एक हात वर. त्या हातावर त्यानं महिना घालवला. राज्याच्या प्रदर्शनाला पाठवलं आणि ते नाकारून परत आलं, वरच्या दोरीला त्याचीच गाठ, त्यानं मारलेलीच. त्यांनी उघडून तरी पाहिलं का, हे त्याला कधी कळलं नाही. ते चित्र दुकानात प्रिंटिंग मशीनच्या मागं भिंतीकडे तोंड करून उभं होतं. पूर त्याचा होता. चिखल त्याचा होता. आता तर फ्लेक्ससुद्धा त्याचेच होते. मग तिचं काय होतं त्यात?

यांचं बरं असतं, असा एक विचार त्याच्या मनात आला. तो कुठून आला, कुणाच्या ओसरीवर त्यानं तो लहानपणी ऐकला होता, हेही त्याला लगेच आठवलं. त्यानं तो विचार गिळला. दर मार्चला चवदार तळ्याच्या कार्यक्रमाचे निम्मे फ्लेक्स त्याच्याच दुकानातून जात, काउंटरवर तो मनापासून ‘जय भीम’ म्हणे, बाबासाहेबांच्या चेहऱ्याचा रंग मशीननं बिघडवू नये म्हणून स्वतः उभा राहून छापून घेई. तरी तो विचार आला होता. मत्सराला जे हाताशी लागेल ते तो उचलतो, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि त्यानं काही बरं वाटलं नाही.

भात झोडून झाल्यावर ती दुकानात आली. केस बारीक कापलेले, चष्मा, बाकी हसणं तेच. ‘जय भीम सर.’ ‘जय भीम, जय भीम. अगं ये. मोठी झालीस तू. पेपरात वाचलं.’ तिनं स्टूल ओढून घेतलं आणि लगेच कामाचंच बोलायला लागली, तेही त्याला खुपलं. थोडं लाजायला, थोडं मिरवायला काय हरकत होती? मुंबईत दाखवला तो नुसता तुकडा होता, ती म्हणाली. आता तिला पूर्ण मांडव करायचा होता. दरडीतून वाचलेली माणसं जिथं तात्पुरत्या पत्र्याच्या घरांत राहिली, अजून राहतात, तिथल्या छपरांवर टाकलेले फ्लेक्स. अवकाळी पावसात भाताच्या भाऱ्यांच्या उडवीवर झाकलेले. गोठ्याला लावलेले, मोरीला आडोसा केलेले. ते सगळे शिवून एक मांडव, आणि तो आधी कापड्याच्या शेतात उभा राहणार, गावानं त्याखाली जेवायचं, मगच मुंबई. ‘सरकारं तीन बदलली सर, पण छपरावरचं कापड तेच राहिलं. खालून बघितलं की सगळे साहेब एकाच ओळीत दिसतात. यातले निम्मे तर तुमच्या दुकानातले आहेत.’ महिपती म्हणाला, ‘कचराच तो. घेऊन जा.’ ‘कचरा कसा सर? लोक त्याखाली झोपलेत,’ ती सहज म्हणाली. तिच्या आवाजात उपदेश नव्हता. त्याला तो ऐकू आला.

ती गेल्यावर तो स्क्रीनकडे वळला. हे आपल्याला का सुचलं नाही? कापड्याच्या त्या पत्र्याच्या घरांवर आपली अक्षरं त्यानंही पाहिली होती. प्रत्येक वेळी गावी जाताना एसटीच्या खिडकीतून. पाहून त्याला काय वाटलं होतं? रंग टिकला नाही, शाईवाल्याला झापलं पाहिजे, असं.

त्याच आठवड्यात सुनील आला. सुनील म्हणजे बातमीतल्या फ्लेक्सवरच्या साहेबांच्या पक्षाचा तालुक्यातला माणूस. साहेब या पक्षातून त्या पक्षात गेले तेव्हा सुनीलही गेला होता, आणि महिपतीनं त्याच्या जुन्या फ्लेक्सवरचे खांदे, शाल, जोडलेले हात तसेच ठेवून वरचे चेहरे बदलून दिले होते. त्या दिवशीही तसलंच काम होतं. कुणाचा फोटो कुणाहून मोठा, यावर घोळ चालला होता. सुनील मोबाईल बघत ‘जरा डावीकडे, जरा डावीकडे’ म्हणत होता आणि महिपती माउसनं साहेबांना जरा डावीकडे सरकवत होता, आणि मधेच, उचकी लागावी तसं, त्याच्या तोंडून निघून गेलं.

‘तुमच्या साहेबांना तर कापड्यात टांगतायत.’

सुनीलचा अंगठा मोबाईलवर थांबला. ‘म्हणजे?’

‘म्हणजे जुना फ्लेक्स. बुरशी लागलेला, एक डोळा गेलेला. त्याचा मांडव करणारेत. खाली पंगत बसणार, पेपरवाले येणार.’

‘कोण करतंय?’

‘आहे एक. माझीच विद्यार्थिनी.’ आणि मग त्यानं घाईनं जोडलं, ‘मुलगी चांगली आहे हो. कलेच्या नादात.’

सुनील हसला. साहेब आणखी जरा डावीकडे गेले आणि विषय संपला. महिपतीला एक लाजिरवाणा आराम वाटला, बसलेली नस सुटल्यासारखा. आपण काही खोटं बोललो नाही, असं तो मनाशी म्हणाला. जे होतं तेच सांगितलं. संध्याकाळी तिचा फोन आला. ‘सर, एक ऐकायचं माझं. मांडवाचं उद्घाटन तुम्हीच करायचं. मला दुसरं कुणी नको.’ तो नको नको म्हणाला, पुष्कळदा म्हणाला. खरं कारण सोडून सगळी कारणं सांगितली. पलीकडून ती हसतच राहिली. फोन ठेवल्यावर वैशाली म्हणाली, ‘बघा, शेवटी कुणीतरी तुमचं नाव काढलं,’ आणि तिचा चेहरा इतका उजळला होता की त्याला तिथून उठावं लागलं. सुनीलला फोन करायचं त्या आठवड्यात त्याच्या मनात अनेकदा आलं. राहू दे, म्हणावं. काही नाही त्यात, म्हणावं. पण तसा फोन केला तर आपण आधी काय केलं ते आपल्याच कानांनी ऐकावं लागेल, म्हणून त्यानं केला नाही.

फेब्रुवारीतच वैशाखासारखं तापलं होतं. कापड्याला उतरून, कापणी झालेल्या खाचरांच्या बांधावरून तो चालत गेला, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मांडव त्याला लांबून दिसला तेव्हा तो पांढरा होता, नुसता पांढरा, कारण वरून फ्लेक्सची मागची बाजू दिसत होती. एवढंच? असं त्याला वाटलं आणि बरं वाटलं. मग तो वाकून आत शिरला आणि त्यानं वर पाहिलं.

वर त्याचं सगळं आयुष्य होतं. पंधरा-सोळा वर्षांचं काम, एकमेकांना जाड दोऱ्यानं शिवलेलं. ऊन त्यातून गाळून येत होतं आणि खाली बसलेल्या बायामाणसांवर निळं, भगवं, हिरवं पडत होतं. कुणाच्या गालावर कुणाच्या झेंड्याचा रंग. साहेब होते, साहेबांचे विरोधक होते, जे एकमेकांचं तोंड बघत नव्हते ते शेजारी शेजारी शिवले गेले होते, आणि सगळ्यांवर सारखीच बुरशी, सारखेच पाण्याचे ओघळ. एका ‘दादां’च्या कपाळावर पागोळीनं झिजून पडलेली रेघ होती, एका ‘ताईं’च्या तोंडावर धुराचा काळा डाग, खाली चूल असणार. काही ठिकाणी चेहरा पार गेला होता आणि नुसतं त्यानं काढलेलं अक्षर उरलं होतं. आणि पूर? पूर कुठंच काढलेला नव्हता. पाणी नव्हतं, आई नव्हती, वर केलेला हात नव्हता. तरीही त्याच्या घशाशी तोच वास आला. क्षणभर, अगदी क्षणभरच, त्याला निर्मळ आनंद झाला. चांगलं झालंय. फार चांगलं झालंय. आणि त्याच्या पाठोपाठ आलं ते दुसरंच. वाईट असतं तर त्यानं तिला माफ केलं असतं.

तिनं त्याला खुर्चीवर बसवलं, शाल दिली, नारळ दिला. ‘माझे सर,’ ती गावाला म्हणाली. ‘बघायला मी यांच्याकडे शिकले.’ टाळ्या झाल्या. पत्रावळी मांडल्या गेल्या, भात आला, आमटी आली. आणि बांधापलीकडे जीप थांबली.

सुनील आत आला तो चपला काढून, अगदी नमस्कार करत. मागं तीन-चार पोरं. ‘ताई, कार्यक्रम छान आहे. आमचं काही म्हणणं नाही. फक्त तेवढे एक साहेब काढून घ्या.’ त्यानं बोट वर केलं. श्रुतिका म्हणाली, ‘एवढेच का? बाकीचे चालतील?’ ‘बाकीच्यांचं बाकीचे बघतील.’ कुणीतरी हसलं. सुनीलला ते आवडलं नाही.

तेव्हा जानकीबाई उठली. वरच्या वाडीची ती. दरडीत तिचं घर गेलं होतं, गुरं गेली होती, आणि ती अजून पत्र्याच्या घरात होती. हाताला भात लागलेला तसाच. ‘तो माज्या घरावरचा हाय,’ ती म्हणाली. ‘हिला मी मांडवापुरता दिलाय. पावसाच्या आधी मला परत पायजे.’

‘आजी, तुम्हाला नवीन ताडपत्री देतो.’

‘नवीन देशील तवा देशील. तीन पावसाळं पानी आडवलंय त्यानं. तुज्या सायबान नाय आडवलं, त्येच्या कापडान आडवलं. त्येला हात लावशील तर बघ.’

सुनीलबरोबरच्या एका पोरानं बाजूला पडलेला विळा उचलला होता, नुसता हातात धरून. सुनीलनं सगळीकडे पाहिलं, आणि मग त्याची नजर खुर्चीवर येऊन थांबली. ‘सर, आता तुम्हीच सांगा. तुम्ही जाणते.’ सगळ्या माना वळल्या. श्रुतिकाचीही. शालीखाली महिपतीच्या पाठीवरून घाम उतरत होता. त्याला बोलायचं होतं ते सोपं होतं: कुणीही काहीही कापायचं नाही. एवढं म्हटलं असतं तर सुनील बहुतेक परत गेला असता. गावासमोर म्हातारीशी झोंबायला तो आला नव्हता. पण महिपतीनं वर पाहिलं, त्या चेहऱ्याकडे, आणि त्याला दिसलं की सगळ्या मांडवाचा तोल त्या एका चेहऱ्यावर होता. नजर तिथूनच आत शिरत होती. तो काढला की हे साधं गोधडीचं काम उरेल. हे त्याला चित्रकार म्हणून कळलं, स्वच्छ, एका क्षणात. ‘सगळा फ्लेक्स नको काढायला,’ तो म्हणाला. त्याचा आवाज समजूतदार होता. ‘तोंड तेवढं काढा. मानेपासून. बाकीचं कापड आजींना राहील.’

पोरगा बाकावर चढला आणि त्यानं विळ्यानं फरफर आवाज करत साहेबांचं तोंड कापून घेतलं. सुनीलनं ते गुंडाळून बगलेत धरलं, परत नमस्कार केला आणि तो गेला. जीपपर्यंत श्रुतिका त्याच्या मागं गेली, तिथं काहीतरी बोलणं झालं, मग ती परत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. जानकीबाई वर बघत होती. जिथं तोंड होतं तिथून उन्हाचा एक झोत सरळ खाली, भाताच्या पातेल्यात पडला होता. ‘आता ह्यातून पानी येल गो,’ ती म्हणाली. ‘मी देते तुम्हाला छप्पर, आजी. पावसाआधी देते,’ श्रुतिका म्हणाली. ‘बसा. जेवून घ्या.’ महिपतीला तिनं स्वतः वाढलं. आमटीला चव होती की नाही हे त्याला नंतर कधी आठवलं नाही.

कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपलं होतं. ते दोन दिवसांत फिरलं, म्हातारी आणि विळा आणि वरून खाली येणारं ऊन. मुंबईत मांडव लागला तेव्हा तिनं ते भोक शिवलं नव्हतं. महिपतीनं दुकानात बसून फोटो पाहिले. गॅलरीच्या पांढऱ्या भिंती, आणि त्या भोकाच्या बरोबर वर दिवा, आणि खाली जमिनीवर उजेडाचा वेडावाकडा तुकडा, आणि त्या तुकड्याच्या कडेनं उभी असलेली माणसं, आत पाय न टाकता. सगळे त्या भोकाचाच फोटो काढत होते. कुणी लिहिलं होतं, नसलेल्या चेहऱ्याइतका बोलका चेहरा या मांडवात दुसरा नाही. मग बातमी आली की तिला परदेशातून बोलावणं आहे, मांडव घेऊन. वैशालीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. महिपतीला हसू आलं, ते थांबेना, वैशाली घाबरून पाणी घेऊन आली. मांडवाचा तोल जाईल असं त्याला वाटलं होतं. तोल तर त्यामुळेच आला होता. तो पुन्हा पुन्हा फोटो मोठा करून भोकाची कड बघायचा. ही त्याची होती. बाकी सगळं तिनं घ्यावं, शिवण, नाव, परदेश. पण हे? हे त्यानं जागेवर, चित्रकाराच्या नजरेनं सांगितलेलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या एका निर्णयाखाली इतकी माणसं गप्प उभी होती. त्याला झोप लागेनाशी झाली. अपराधामुळे असेल, असं त्याला वाटून घ्यायला आवडलं असतं.

मार्चमध्ये तळ्याचा कार्यक्रम आला. महाड पांढऱ्या कपड्यांनी आणि निळ्या झेंड्यांनी भरून गेलं, गाड्या पार हायवेपर्यंत लागल्या, दुकानात मशीन दिवसभर थांबलं नाही. त्या गर्दीत श्रुतिका आली, पांढरी साडी, कपाळाला घाम. जानकीबाईच्या घरावर नवीन पत्रे घालून आल्याचं तिनं सांगितलं. म्हातारी म्हणाली होती की पत्र्याचा आवाज फार होतो, कापड बरं होतं. ती हसली. तो हसला नाही. ग्राहक ‘सर, सर’ करत होते, मशीन खडखडत होतं, आणि तो म्हणाला,

‘ते भोक माझं आहे.’

‘काय सर?’

‘ते भोक,’ तो ओरडून म्हणाला, ‘माझं आहे!’ मशीन नेमकं ओळीच्या शेवटाला येऊन थांबलं आणि शब्द दुकानभर पडले. एक ग्राहक वळून बघायला लागला. महिपतीनं आवाज खाली आणला, पण आता तो थांबू शकत नव्हता. ‘सुनीलला मीच सांगितलं होतं. आधीच. तो आपणहून आला नव्हता. आणि तोंड तेवढंच काढा, हेही मीच.’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘गाडीत बसताना सुनीलदादा म्हणाले, तुमच्या सरांनीच सांगितलं म्हणून आलो.’

हे ऐकून परत आल्यावर तिनं त्याला आमटी वाढली होती.

‘मग बोलली का नाहीस?’

‘काय बोलणार सर? तुम्ही शाल पांघरून बसला होतात.’ तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला. ‘इतका राग आला होता ना. शिवूनच टाकणार होते ते भोक. सुई घेऊन बसलेसुद्धा. मग वाटलं, अख्ख्या मांडवात एवढं एकच काय ते कुणीतरी जीव लावून केलंय. बाकी सगळं ऑर्डरचं काम.’

ती कुत्सितपणे बोलत नव्हती. ती तशीच पाहत होती, जशी लहानपणी तांब्याकडे पाहायची, समोर जे आहे ते आणि तेवढंच. ‘नाव लावायचं असेल तर लावते,’ ती म्हणाली. ‘परदेशात पाटी नवीन करायचीच आहे. पण काय म्हणून लावू, ते तुम्ही सांगा.’

काय म्हणून? नावाआधी काय लावायचं हाच त्याचा धंदा होता. संकल्पना. संयोजक. मार्गदर्शक. सौजन्य. विनीत. हजारो नावांच्या आधी त्यानं ते शब्द ठेवले होते, फोटोच्या मापानं लहानमोठे करून. त्याला ‘संकल्पना’ म्हणायचं होतं. तो शब्द जिभेच्या टोकाशी येऊन उभाही राहिला. काउंटरवर कुणीतरी ‘सर, आमचं झालं का?’ विचारत होतं. मशीन पुन्हा सुरू झालं.

‘शुभेच्छुक,’ महिपती म्हणाला.

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. दोघं हसतील, आणि ते हसण्यावारी निघून जाईल. तिनं मान हलवली, गंभीरपणे. ‘बरं,’ ती म्हणाली. ‘शुभेच्छुक, महिपती सर. लावते.’ आणि ती पायरी उतरून तळ्याकडे जाणाऱ्या गर्दीत शिरली. पांढऱ्या साड्यांमधली तिची कुठली ते लगेचच कळेनासं झालं. थांब, मी गंमत केली, असं ओरडायला तो दारापर्यंत आला. पुढची माणसं, झेंडे, कुणाच्या खांद्यावर बसलेलं मूल, सगळं हळूहळू एकाच दिशेनं सरकत होतं. तो ओरडला नाही. ती पाटी भिंतीवर कुठं असेल, मांडवाच्या डावीकडे की उजवीकडे, आणि अक्षरं केवढी असतील, याचा अंदाज बांधायला त्याच्या मनानं केव्हाच सुरुवात केली होती.